टर्मिनलमधले उपयोगी स्निपेट कसे साठवावेत, की गरजेच्या वेळी सापडतील?

धागालेखक: कळफलक

नमस्कार,

सर्व्हरची देखभाल, डेटाची साफसफाई किंवा संकेतस्थळांचे काम करणाऱ्यांना रोजच्या कमांड तोंडपाठ असतात. प्रश्न असतो तो दोन-तीन महिन्यांतून एकदा लागणाऱ्या, चार पर्याय आणि दोन पाइप (एका कमांडचा निकाल पुढच्या कमांडला देणारी जोडणी) असलेल्या कमांडचा. ती एकदा जुळवायला बराच वेळ जातो, काम झाले की आपण ती विसरतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. अशा कमांड आणि कोडचे लहान तुकडे, म्हणजे स्निपेट, टर्मिनलमधूनच कसे जपावेत, यावर जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच मांडतो. साधन कोणते वापरावे हा दुय्यम प्रश्न आहे. साठवताना त्या तुकड्याचे वर्णन आपण कोणत्या शब्दांत लिहिले, यावर तो पुढे सापडणार की नाही हे ठरते.

बहुतेक जण शेलच्या (आपण टंकलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरीवर, म्हणजे आधी दिलेल्या कमांडच्या यादीवर, विसंबून असतात. मागच्या कमांड पुन्हा वापरण्याची सोय सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बिल जॉय यांच्या सी शेलने रुजवली आणि १९८९ साली आलेल्या बॅशने ती सर्वदूर नेली. कंट्रोल-आर दाबून मागचे शोधता येते हे खरे, परंतु बॅशची मूळ मर्यादा ५०० ओळींचीच आहे. त्यातही दोन खिडक्या उघड्या असतील, तर नंतर बंद होणारी खिडकी आधीच्या खिडकीची हिस्टरी पुसून आपली लिहिते. ते टाळायला ‘हिस्टअपेंड’ हा पर्याय चालू करावा लागतो. मर्यादा वाढवली आणि हा पर्यायही लावला, तरी मूळ अडचण शिल्लक राहते. हिस्टरीत कमांड असते, पण ती का दिली हे नसते. फसलेले पाच प्रयत्न आणि अखेर चाललेला सहावा हे सगळे तिथे एकाच रांगेत बसलेले असतात. शिवाय कंट्रोल-आरला कमांडमधलीच अक्षरे द्यावी लागतात, आणि नेमकी तीच आपण विसरलेलो असतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. एखाद्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते हे टर्मिनलवरून तपासायचे आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनातल्या ‘एस-क्लायंट’ने पोर्ट ४४३ ला जोडायचे, मिळालेले उत्तर पाइपने प्रमाणपत्र वाचणाऱ्या ‘एक्स५०९’कडे पाठवायचे आणि तिथे ‘नोआउट’ व ‘एंडडेट’ हे दोन पर्याय द्यायचे, इतके काम आहे. मात्र यात दोन खाचखळगे आहेत. पहिल्या कमांडला इनपुट म्हणून डेव्ह-नल (नेहमी रिकामी वाचली जाणारी विशेष फाइल) दिले नाही, तर जोडणी झाल्यावर ती आपण काहीतरी टंकू म्हणून वाट पाहत थांबते. दुसरे म्हणजे, एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असतील तर ‘सर्व्हरनेम’ हा पर्याय महत्त्वाचा ठरतो. ओपनएसएसएल १.१.१ पासून यजमानाचे नाव आपोआप पाठवले जाते, पण त्याआधीच्या आवृत्तीत, किंवा थेट आयपी पत्त्याला जोडताना, तो पर्याय दिला नाही तर सर्व्हर भलतेच प्रमाणपत्र पुढे करू शकतो आणि आपण चुकीची तारीख खरी मानून बसतो. हे दोन्ही तपशील हिस्टरीतल्या ओळीत दिसतात, पण ते कशासाठी आहेत हे कळत नाही; म्हणून सहा महिन्यांनी ‘हे काय जास्तीचे लिहिले आहे’ असे वाटून माणूस तेच काढून टाकतो.

आता या तुकड्याचे वर्णन कसे लिहावे? ‘ओपनएसएसएल एस-क्लायंटचा वापर’ असे लिहिले तर ज्याला ओपनएसएसएल आठवत आहे त्यालाच ते सापडेल. मी लिहितो: ‘साइटच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते पाहणे, एसएसएल, एक्सपायरी, ब्राउझर असुरक्षित म्हणतो’. अडचण आल्यावर मनात जे शब्द येतात ते सगळे त्या एका ओळीत असावेत, मग ती ओळ व्याकरणाच्या दृष्टीने ओबडधोबड दिसली तरी हरकत नाही.

माझी मांडणी अगदी साधी आहे. होम डिरेक्टरीत एक फोल्डर, त्यात गिट, नेटवर्क, डेटाबेस, मजकूर, चित्रफीत अशा विषयांच्या साध्या टेक्स्ट फायली, आणि संपूर्ण फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फायलींतले बदल जपणाऱ्या साधनात. प्रत्येक नोंदीत वर्णन, कमांड, तिच्यातल्या बदलायच्या जागा, ती कुठे चालवून पाहिली आहे, आणि तिने काही बिघडू शकत असेल तर काय, एवढे असते. शोधायला रिपग्रेप (फायलींतला मजकूर शोधणारे) आणि एफझेडएफ (यादीतून टंकता टंकता निवडू देणारे) ही दोन साधने पुरतात. शेलमधले चार-पाच ओळींचे एक फंक्शन सगळ्या नोंदींची वर्णने एफझेडएफमध्ये ओतते आणि निवडलेली कमांड प्रॉम्प्टवर (कमांड टंकायच्या ओळीवर) आणून ठेवते. एंटर मात्र मीच दाबतो.

आपण काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: रात्रपाळी

धागा उपयुक्त आहे. मी गेली काही वर्षे ‘पेट’ वापरत आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. हे गो भाषेत लिहिलेले छोटे साधन आहे. ‘पेट न्यू’ म्हटले की ते कमांड विचारते, मग वर्णन विचारते, आणि दोन्ही एका टॉमल फायलीत लिहून ठेवते. म्हणजे आपण म्हणता तशी साधी टेक्स्ट फाइलच पाठीमागे असते. उद्या पेट बंद पडले तरी नोंदी आपल्या हातात राहतात. बदलायच्या जागा कोनी कंसात नाव देऊन लिहायच्या आणि हवे असेल तर बरोबरचे चिन्ह देऊन मूळ किंमतही लिहायची. निवडताना पेट त्या जागा भरून मागते.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो त्यांच्या माहितीपत्रात दिलेल्या एका लहानशा फंक्शनचा. ते नुकतीच चालवलेली कमांड हिस्टरीतून उचलून थेट ‘पेट न्यू’ला देते. कमांड चालली, उत्तर बरोबर आले, की त्याच क्षणी ‘प्रीव्ह’ टंकायचे आणि वर्णन लिहायचे. काम संपल्यावर संध्याकाळी निवांत नोंद करू असे म्हटले तर ती कधीच होत नाही, हे मी आमच्या चमूतल्या प्रत्येकाच्या बाबतीत पाहिले आहे.

एक शंका मात्र आहे. अटुइनसारखे साधन प्रत्येक कमांडसोबत डिरेक्टरी, वेळ, लागलेला कालावधी आणि एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की फसली हे सांगणारा आकडा) एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये साठवते, आणि वेगवेगळ्या संगणकांतली हिस्टरी एन्क्रिप्ट करून जुळवतेही. फसलेले प्रयत्न एक्झिट कोडवरून गाळता येत असतील, तर वेगळा स्निपेटसंग्रह करण्याचे कष्ट कशाला घ्यावेत?

प्रतिसाद: कळफलक

रात्रपाळी, आभार. कमांड चालल्याक्षणी नोंद करण्याचा आपला मुद्दा मी मूळ लेखातच लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

अटुइनबद्दल: ते उत्तम साधन आहे आणि हिस्टरीसाठी ते जरूर वापरावे. परंतु एक्झिट कोड शून्य आला याचा अर्थ कमांड चालली, इतकाच होतो. तिने योग्य काम केले असे होत नाही. वरच्याच उदाहरणात चुकीचे प्रमाणपत्र वाचणारी कमांडही शून्यच परत करते. हिस्टरी म्हणजे जे घडले त्याची आपोआप झालेली नोंद, आणि संग्रह म्हणजे त्यातून पारखून घेतलेले. पारखण्याचे काम माणसालाच करावे लागते, आणि ते करतानाच आपल्याला कमांड खऱ्या अर्थाने समजते. वर्णन लिहायला बसल्यावर एखादा पर्याय आपण का दिला हे सांगता आले नाही, की तिथेच थांबून मॅन पान (कमांडचे माहितीपान) उघडण्याची सवय मला याच कामाने लागली.

प्रतिसाद: ओसरी

सुरक्षेचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहिते. कमांड जशीच्या तशी उचलून साठवली, की तिच्यातला पासवर्ड, एपीआय की किंवा ग्राहकाच्या सर्व्हरचा पत्ताही सोबत जातो. संग्रह गिटहबच्या जिस्टवर (मजकुराचे तुकडे ठेवण्याच्या सोयीवर) ठेवणारे बरेच जण आहेत. पेटमध्येही जिस्टशी जुळवण्याची सोय आहे. तिथे ‘सिक्रेट’ म्हणून ठेवलेले जिस्ट खाजगी नसते, हे कृपया सर्वांनी लक्षात घ्यावे. ते शोधात दिसत नाही इतकेच. ज्याच्या हाती दुवा लागेल त्याला ते लॉगिन न करताही उघडता येते. गोपनीय काही असेल तर खाजगी गिट रिपॉझिटरी ठेवावी, आणि खरे सांगायचे तर गोपनीय गोष्ट स्निपेटमध्ये असूच नये.

पासवर्डच्या जागी ‘पास’सारख्या, जीपीजीने एन्क्रिप्ट करणाऱ्या साधनाला विचारणारी कमांड लिहावी, म्हणजे तुकडा साठवला तरी गुपित बाहेर पडत नाही. बॅशमध्ये ‘हिस्टकंट्रोल’ला ‘इग्नोरस्पेस’ दिले असेल तर ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडून टंकलेली कमांड हिस्टरीत जात नाही, हेही उपयोगी पडते. आणि चुकून एखादी की गिटमध्ये गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) ती पुसणे पुरेसे नसते, कारण जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्यावी, इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतरचे.

प्रतिसाद: मोडी_लिपी

ओसरीताई, अतिशय आवश्यक प्रतिसाद. माझ्या संग्रहात आत्ताच शोधून पाहतो.

माझा अनुभव ‘नवी’चा आहे. हे रस्टमध्ये लिहिलेले साधन ‘चीट’ फायली वाचते. टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीत टॅग, हॅशच्या ओळीत वर्णन, त्याखाली कमांड. याचा खरा फायदा डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीत आहे. बदलायच्या जागी कोणत्या किमती येऊ शकतात हे शोधणारी दुसरी कमांड तिथे लिहिता येते. समजा तुकड्यात गिटची शाखा भरायची आहे, तर नवी त्या क्षणी रिपॉझिटरीतल्या शाखांची यादी समोर ठेवते आणि आपण निवडतो. डॉकरच्या कंटेनरचे नाव, कुबरनेटीसचा पॉड अशा सतत बदलणाऱ्या गोष्टींसाठी याला तोड नाही. शेलमध्ये त्याचे विजेट बसवले की कंट्रोल-जी दाबल्यावर निवडलेली कमांड प्रॉम्प्टवर येते.

विचारायचे हे होते, की वर्गीकरण फोल्डरने करावे की टॅगने? चित्रफितीतून आवाज वेगळा काढून तो सर्व्हरवर पाठवणारी कमांड ‘चित्रफीत’मध्ये ठेवावी की ‘नेटवर्क’मध्ये, असे प्रश्न पडत राहतात.

प्रतिसाद: कळफलक

माझ्या मते वर्गीकरणावर फार विचार करू नये. शोध मजकुरावर चालतो. फाइल कोणती आहे याने एफझेडएफला काही फरक पडत नाही. फाइल एवढ्याचसाठी, की केव्हातरी सलग वाचायला बसलो तर एका विषयाच्या नोंदी एकत्र मिळाव्यात. दुविधा पडली तर कमांडचा मुख्य शब्द ज्या विषयाचा, त्या फायलीत ठेवावी आणि दुसऱ्या विषयाचे शब्द वर्णनात घालावेत. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर अशी उतरंड मात्र करू नये. ती रचताना समाधान वाटते, पण नोंद कुठे टाकावी हे ठरवण्यातच वेळ जाऊ लागला, की नोंदी होणे थांबते.

नवीतल्या बदलत्या किमतींची सोय खरोखर मोलाची आहे, आणि चमूने मिळून संग्रह ठेवायचा असेल तर मीही तेच सुचवेन.

प्रतिसाद: सफरचंदी

मूळ लेखात ‘ती कुठे चालवून पाहिली आहे’ असे एक कलम आहे. ते अनेकांना अनावश्यक वाटेल, म्हणून त्याच्या बाजूने लिहितो. मी मॅकवर काम करतो आणि सर्व्हर सगळे लिनक्सचे आहेत. मॅकवरची बरीच साधने बीएसडी या युनिक्स परंपरेची आहेत, लिनक्सवरची जीएनयू या प्रकल्पाची, आणि नावे सारखी असली तरी वागणूक सारखी नसते.

मजकुरात बदल करणारे ‘सेड’ घ्या. फायलीत जागच्या जागी बदल करणारा ‘डॅश आय’ पर्याय जीएनयूमध्ये एकटा चालतो. मॅकवर मात्र त्याला पुढे बॅकअप फायलीच्या नावाचा प्रत्यय हवा असतो, आणि बॅकअप नको असेल तर रिकामे अवतरण द्यावे लागते. लिनक्सवरून आणलेली कमांड मॅकवर दिली तर तो आपल्या बदलाच्या सूत्रालाच प्रत्यय समजतो आणि फायलीच्या नावाला सूत्र. उलट, रिकाम्या अवतरणाची मॅकवरची कमांड लिनक्सवर दिली तर तिथे बदलाचे सूत्र हे फायलीचे नाव ठरते. दोन्हीकडे चालणारा मार्ग एकच: ‘डॅश आय’ला चिकटूनच, मधे जागा न सोडता, ‘डॉट बॅक’ असा प्रत्यय लिहायचा. मी संग्रहात तेवढेच रूप ठेवतो.

तारखेचेही तसेच. तीन दिवसांपूर्वीची तारीख जीएनयूच्या ‘डेट’ला ‘डॅश डी’ देऊन इंग्रजी शब्दांत सांगता येते, मॅकवर त्यासाठी ‘डॅश व्ही’ आणि उणे तीन दिवसांची खूण लागते. शिवाय परवान्याच्या कारणाने मॅकसोबत येणारा बॅश अजूनही ३.२ हाच आहे, म्हणून बॅश ४ मधले असोसिएटिव्ह अ‍ॅरे वापरलेला तुकडा तिथे चालतच नाही. २०१९ पासून मॅकचा मूळ शेल झेडएसएच झाला, त्यामुळे ही गोष्ट पटकन लक्षातही येत नाही. नोंदीत ‘उबुंटू, बॅश ५’ किंवा ‘मॅक, झेडएसएच’ एवढे दोन शब्द असले तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

प्रतिसाद: अनुस्वार

मी मराठी मजकुराच्या संगणकीय प्रक्रियेचे काम करते आणि माझी वर्णने पूर्णपणे मराठीत असतात. त्यात शोधताना एक अडचण येते, ती इथे मांडते.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘करणाऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलंत वापरतात, तर काही साधा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक वापरतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, परंतु मजकूर शोधणाऱ्या ग्रेपच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. कार्यालयात एका कळफलकावर लिहिलेले वर्णन घरी दुसऱ्या कळफलकावरून शोधले की ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते, आणि आपण ती नोंद केलीच नव्हती अशी समजूत होते.

युनिकोडचे प्रमाणीकरण केल्यास यातला थोडाच भाग सुटतो. ‘ऱ’ हे अक्षर र आणि नुक्ता असे मिळूनही लिहिता येते, आणि आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या ‘यूकॉन्व्ह’ला एनएफसी हे प्रमाणित रूप मागितले की ती दोन रूपे एक होतात. जोडक वापरलेले रूप मात्र प्रमाणीकरणाने बदलत नाही. ते वेगळे बदलून घ्यावे लागते. म्हणून माझ्या संग्रहाच्या गिटमध्ये कमिटच्या आधी चालणारा एक हुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) आहे, जो सर्व फायलींत जोडकाचे रूप ‘ऱ’च्या रूपात आणतो, आणि शोधाच्या फंक्शनमध्येही शोधशब्दावर तोच बदल आधी होतो. हा हुक हीच माझ्या संग्रहातली मला सर्वांत प्रिय नोंद आहे.

बहुतेक टर्मिनलमध्ये जोडाक्षरे नीट उमटत नाहीत, ही दुसरी अडचण. एफझेडएफच्या यादीत अक्षरे तुटलेली दिसली तरी शोध बरोबर चालतो, त्यामुळे मी तिकडे दुर्लक्ष करते.

प्रतिसाद: कळफलक

अनुस्वार, आपला प्रतिसाद वाचून माझ्या फायली तपासल्या, त्यात दोन्ही रूपे मिसळलेली आहेत. हुक आजच बसवतो. मराठीत वर्णने लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे, म्हणून मूळ लेखातून आपल्या प्रतिसादाकडे निर्देश करावा असे मी संपादकांना कळवत आहे.

प्रतिसाद: नवशिका_विद्यार्थी

सर्वांचे आभार. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन प्रश्न विचारतो. एखादी कमांड स्निपेट म्हणून ठेवावी, तिचा एलियास (लहान टोपणनाव) करावा, की सरळ स्क्रिप्ट लिहावी, हे कसे ठरवावे? आणि आता कोणत्याही एआय सहायकाला विचारले तर कमांड लगेच मिळते, मग संग्रहाची गरज उरते का?

प्रतिसाद: रात्रपाळी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या सवयीनुसार देतो. दिवसातून अनेकदा लागणारी आणि न बदलणारी लहान कमांड एलियासमध्ये जावी. दर वेळी काहीतरी बदलून द्यावी लागणारी, क्वचित लागणारी कमांड स्निपेट म्हणून ठेवावी. तिच्यात लूप आला, अट आली, किंवा मधल्या पायरीवर चूक झाली तर थांबायला हवे असे वाटू लागले, की तिची स्क्रिप्ट करावी, ती शेलचेक या चुका दाखवणाऱ्या साधनातून तपासून घ्यावी आणि स्निपेटच्या संग्रहात फक्त त्या स्क्रिप्टचे नाव व वर्णन ठेवावे. एलियास फार करू नयेत. दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलात की ते तिथे नसतात आणि मूळ कमांड आठवत नाही. फिश शेलमधली ‘अ‍ॅब्र’ ही सोय या बाबतीत चांगली आहे, कारण लघुरूप टंकून मोकळी जागा दिली की पूर्ण कमांड डोळ्यांसमोर उलगडते. त्यामुळे ती लक्षातही राहते आणि हिस्टरीतही पूर्णच नोंदली जाते.

प्रतिसाद: कळफलक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सहायकाला जरूर विचारावे. ‘टीएलडीआर’ची पाने (कमांडची थोडक्यात उदाहरणे) पाहावीत, चीट-डॉट-एसएच या संकेतस्थळाला कर्ल या कमांडने विचारावे, मॅन पान तर वाचावेच. ही सगळी कमांड मिळवण्याची ठिकाणे आहेत. तिथून मिळालेली कमांड आपल्या सर्व्हरवर, आपल्या आवृत्तीवर, आपल्या डेटावर चालवून पाहिलेली नसते, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तेच उत्तर येईल असेही नसते. रात्री सेवा बंद पडलेली असताना मला पूर्वी स्वतः पारखलेली ओळ हवी असते, पुन्हा पारखावी लागणारी नवी ओळ नको असते. आपण विद्यार्थी आहात, तर आत्तापासून संग्रह सुरू करा. सुरुवातीला दहा नोंदी झाल्या तरी पुष्कळ.

बाहेरून घेतलेल्या तुकड्यासोबत त्याचा दुवाही लिहून ठेवावा. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर सीसी बाय-एसए परवान्याखाली असतो, म्हणजे तो प्रकल्पात वापरताना श्रेय देणे बंधनकारक असते. आणि परवान्याचा विषय बाजूला ठेवला, तरी त्या उत्तराखालच्या टिप्पण्यांत पुढे कोणी एखादी त्रुटी दाखवलेली असू शकते, ती पाहायला दुवा हवा.

प्रतिसाद: ओसरी

विध्वंसक कमांडबद्दल थोडे लिहिणे गरजेचे वाटते. दोन ठिकाणच्या फायली जुळवणाऱ्या ‘आरसिंक’ला ‘डिलीट’ पर्याय दिला की मूळ ठिकाणी नसलेल्या फायली दुसऱ्या ठिकाणाहून पुसल्या जातात. त्यातच मूळ डिरेक्टरीच्या नावाशेवटी तिरकी रेघ असली तर तिच्यातला मजकूर थेट दुसऱ्या डिरेक्टरीत उतरतो, आणि रेघ नसली तर तिथे त्या नावाची वेगळी डिरेक्टरी तयार होते. म्हणजे रेघ असताना पुसण्याची कक्षा ती पूर्ण डिरेक्टरी असते, आणि रेघ नसताना फक्त आतली नवी डिरेक्टरी. एका अक्षराने इतका फरक पडतो.

म्हणून अशी कमांड संग्रहात ठेवताना ‘ड्राय-रन’ पर्यायासकटच ठेवावी. काय पुसले जाणार आहे हे आधी दिसावे, आणि खरोखर करायचे असेल तेव्हा माणसाने तो पर्याय स्वतः हाताने काढावा. याच कारणाने ‘पेट एक्झेक’ने थेट चालवण्यापेक्षा ‘पेट सर्च’ने कमांड प्रॉम्प्टवर आणणे मला योग्य वाटते. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबून कमांड एडिटरमध्ये उघडणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की बॅशमध्ये एडिटरमधून बाहेर पडताच ती कमांड चालते. विचार बदलला तर सगळा मजकूर पुसूनच बाहेर पडावे. संकेतस्थळावरून चिकटवताना शेवटच्या नव्या ओळीमुळे कमांड आपोआप चालून जाण्याचा धोका बॅश ५.१ पासून कमी झाला आहे, कारण चिकटवलेला मजकूर तिथे एंटर दाबेपर्यंत थांबून राहतो. जुन्या सर्व्हरवर मात्र तो धोका आहे तसाच आहे.

प्रतिसाद: नवशिका_विद्यार्थी

सर्वांच्या सूचना वाचून पहिली नोंद तयार केली आहे. कृपया तपासावी.

वर्णन: डिस्क भरली, जागा कोणी खाल्ली ते शोधणे, नो स्पेस लेफ्ट.
कमांड: डिरेक्टरींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ला ‘डॅश एच’ आणि ‘मॅक्स-डेप्थ’ १ देऊन मूळ डिरेक्टरीवर चालवणे, आणि निकाल पाइपने ‘सॉर्ट डॅश एच’ला देणे.
कुठे चालवले: उबुंटू, बॅश ५.
धोका: नाही, फक्त वाचते.

प्रतिसाद: कळफलक

वर्णन उत्तम आहे. ‘नो स्पेस लेफ्ट’ हा त्रुटीचा संदेश त्यात घातला हे फार चांगले केले. कमांडमध्ये ‘डॅश एक्स’ हा पर्याय वाढवा, म्हणजे ‘डीयू’ त्याच फाइलसिस्टीमपुरते राहील. नाहीतर माउंट केलेल्या नेटवर्क ड्राइव्हचीही बेरीज होईल आणि निकाल दिशाभूल करेल. सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवावे लागते हेही लिहा, कारण परवानगी नसलेल्या डिरेक्टरी मोजल्या जात नाहीत.

प्रतिसाद: रात्रपाळी

याच नोंदीखाली आणखी दोन ओळी असाव्यात, कारण डिस्क भरल्याचा संदेश येऊनही ‘डीयू’ची बेरीज जुळत नाही असे दोन प्रसंग नेहमी येतात. पहिला: डिस्कवरची एकूण आणि शिल्लक जागा सांगणारा ‘डीएफ’ डिस्क भरलेली दाखवतो, पण ‘डीयू’ला त्या फायली दिसत नाहीत. एखादी मोठी लॉग फाइल कोणी पुसलेली असते, परंतु ती उघडून बसलेली प्रक्रिया चालूच असते, त्यामुळे जागा मोकळी होत नाही. अशा फायली, उघड्या फायलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ला ‘प्लस एल १’ देऊन सापडतात, आणि ती प्रक्रिया पुन्हा सुरू केली की जागा सुटते. दुसरा: जागा शिल्लक दिसते, तरी नवी फाइल तयार होत नाही. तेव्हा ‘डीएफ डॅश आय’ने आयनोड (प्रत्येक फायलीमागे लागणारी नोंद) पाहावेत, लहान लहान फायलींनी ते संपलेले असतात, बहुधा सेशनच्या किंवा मेलच्या रांगेच्या डिरेक्टरीत. वर्णनात ‘डीयू डीएफ जुळत नाही’ हे शब्द जरूर घाला.

प्रतिसाद: नवशिका_विद्यार्थी

दोन्ही ओळी आणि ‘डॅश एक्स’ वाढवले. ‘एलएसओएफ’ प्रयोग म्हणून चालवून पाहिले: एका टर्मिनलमध्ये फाइल ‘टेल डॅश एफ’ने उघडी ठेवली, दुसऱ्यातून ती पुसली, आणि तिसऱ्यात ती ‘डिलीटेड’ अशा खुणेसह यादीत दिसली. हा प्रयोगही नोंदीखाली लिहून कमिट केला आहे.